कॅथेड्रलमधील धर्मगुरू : पुण्यातील सेवेचा अनुभव आणि नव्याने येणाऱ्यांसाठी काही सूचना

गुरुदीक्षा झालेल्या तरुणाची पहिलीच नेमणूक कॅथेड्रलमध्ये झाली, की गावाकडे पेढे वाटले जातात आणि मुलगा एकदम वरच्या जागेवर जाऊन बसला असा सर्वांचा समज होतो. पुण्यात सेमिनरीचे (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाचे) शिक्षण घेऊन मी कॅथलिक धर्मप्रांतातील, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशातील, खेड्यापाड्यांच्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या वस्तीत) काम केले, मधली काही वर्षे कॅथेड्रलमध्ये सहायक धर्मगुरू म्हणून काढली आणि पुढे अनेक नव्या सहकाऱ्यांना हाताशी धरून काम शिकवले. त्यांचा हा समज दूर करणे हेच माझे पहिले काम असे. कॅथेड्रलमधील धर्मगुरूला शेजारच्या धर्मग्रामातील धर्मगुरूपेक्षा तसूभरही अधिक अधिकार नसतो. काम मात्र अधिक असते, आणि त्यातले निम्मे असे, की ते नीट पार पडले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. या वाटेने येऊ पाहणाऱ्या तरुणांना, आणि नेमणुकीचे पत्र हाती पडल्यामुळे थोड्या धास्तावलेल्या नव्या धर्मगुरूंनाही, प्रत्यक्षात काय वाट्याला येते याची कल्पना यावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

ज्या चर्चमध्ये बिशपांचे, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांचे, आसन असते ते कॅथेड्रल; वास्तू किती भव्य आहे किंवा मनोरे किती उंच आहेत, याच्याशी त्याचा संबंध नाही. पुण्यात कॅथलिक धर्मप्रांताचे सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल एम्प्रेस गार्डनजवळ आहे आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पुणे धर्मप्रांताचे होली नेम कॅथेड्रल गुरुवार पेठेत, जुन्या पुणेकरांना पंचहौद मिशन म्हणून ठाऊक असलेल्या आवारात आहे. सेंट पॅट्रिक्स १८५० मध्ये उभे राहिले ते मुख्यतः लष्करी छावणीतील आयरिश सैनिकांसाठी. पुणे धर्मप्रांताची स्थापना त्यानंतर ३६ वर्षांनी, १८८६ मध्ये झाली. म्हणजे ही वास्तू आधी एका वस्तीचे चर्च होती, कॅथेड्रल नंतर झाली, आणि आजही ती एकाच वेळी दोन्ही आहे. होली नेमची कथाही फार वेगळी नाही : इंग्लंडहून आलेल्या काउली येथील संन्यस्त धर्मगुरूंच्या मिशनचे हे चर्च, १९७० मध्ये नागपूरला सहा चर्चसंघटनांचे एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले आणि त्या नव्या घडीत त्याला कॅथेड्रलचे स्थान मिळाले. हे दुहेरीपण ज्याला पहिल्या महिन्यात उमगले, त्याला पुढची वर्षे सोपी जातात.

धर्मग्रामाचे चर्च म्हणून त्या वास्तूवर पहिला हक्क आसपास राहणाऱ्या कुटुंबांचा असतो. त्यांच्या मुलांचे स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), प्रथम ख्रिस्तप्रसाद (वेदीवर आशीर्वादित झालेली भाकर पहिल्यांदा घेणे), विवाह, आजारपणातील अभ्यंग (पवित्र तेल लावण्याचा संस्कार) आणि अंत्यविधी हे सारे तेथेच व्हायचे असते. कॅथेड्रल म्हणून त्याच वेदीवर संपूर्ण धर्मप्रांताचा हक्क असतो. नवा बिशप धर्मप्रांताची सूत्रे कॅथेड्रलमध्ये स्वीकारतो, मोठ्या सणांच्या उपासनेचे पौरोहित्य त्याने तेथे करावे अशी कॅनन कायद्याची, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याची, अपेक्षा असते, आणि या वास्तूच्या समर्पणाचा वार्षिक दिन धर्मप्रांतातील प्रत्येक चर्चमध्ये सण म्हणून पाळला जातो. हे दोन हक्क एकमेकांच्या आड आले नाहीत असा महिना क्वचितच जातो. एखाद्या मुलीचे लग्न वर्षभर आधी शनिवारी दुपारी चारला ठरलेले असते, मंगल कार्यालयाची अनामत भरलेली असते, दुबईहून मामा येणार असतो; आणि त्याच शनिवारी धर्मप्रांताचा एखादा मोठा कार्यक्रम कॅथेड्रलमध्ये घ्यावयाचा आहे असा निरोप येतो. नवख्या सहायकाला वाटते, बिशपांचा शब्द अखेरचा, तेव्हा लग्न पुढेमागे करायला सांगावे. माझा सल्ला याच्या उलट आहे. त्याच दिवशी रोजनिशी काखेत मारून बिशपांच्या कार्यालयात जावे आणि त्या शनिवारी कोणाचे काय आहे ते नावागावासह सांगावे. वेळेवर सांगितले तर बिशप बहुधा स्वतःच वेळ बदलतात. आदल्या दिवशी सांगितले तर रागावतात, आणि ते रागावणे योग्यच असते. यासाठी रोजनिशी एकच असावी, ती शाईने लिहिलेली असावी आणि कार्यालयातच राहावी. मोबाइलमधल्या चार गटांवर चार वेगवेगळ्या वेळा फिरत राहिल्या, तर दोन वऱ्हाडे एकाच दारात उभी राहायला वेळ लागत नाही.

कॅथेड्रलच्या कामाचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर पवित्र सप्ताहातील (ईस्टरपूर्वीच्या आठवड्यातील) तेलांच्या मिस्साच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेच्या, दिवशी साक्रिस्तीत (वेदीमागच्या तयारीच्या खोलीत) उभे राहावे. हा विधी मूळचा पवित्र गुरुवारच्या सकाळचा. परंतु ज्या धर्मगुरूंना लांबच्या धर्मग्रामांत परतायचे असते त्यांच्या सोयीसाठी तो काही दिवस अलीकडे घेण्याची मुभा आहे, आणि सोलापूर-साताऱ्याकडून येणाऱ्यांचा विचार केला तर ती आवश्यकच आहे. या मिस्सात सर्व धर्मगुरू बिशपांसमोर आपल्या दीक्षेची वचने पुन्हा उच्चारतात, आजाऱ्यांसाठीचे आणि दीक्षार्थींसाठीचे (बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठीचे) तेल आशीर्वादित होते, आणि बाल्समचा सुगंध मिसळलेले ख्रिस्म हे तिसरे तेल बिशप पवित्र करतात. पुढील वर्षभर धर्मप्रांतातील प्रत्येक खेड्यात होणारा स्नानसंस्कार, दृढीकरण (बाप्तिस्म्यातील श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि मरणपंथाला लागलेल्याचे अभ्यंग याच तेलांनी होते. हा झाला वेदीवरचा भाग. वेदीमागे काय असते, तर एक लांब टेबल, त्यावर अंथरलेली जुनी वर्तमानपत्रे, तीन पातेली, तीन ओगराळी, कापसाचे बोळे, हात धुण्यासाठी लिंबाच्या फोडी आणि साबण, आणि प्रत्येक धर्मग्रामासाठी तीन-तीन छोट्या बाटल्या. तेल लागले की कागदी चिठ्ठ्या सुटून येतात, म्हणून आम्ही बाटल्यांच्या मानेला तीन रंगांचे दोरे बांधत असू. मिस्सा संपते तेव्हा चैत्रातले ऊन चढलेले असते, बाहेर चहाची किटली आलेली असते, आणि जो तो आपली पेटी घेऊन दुपारच्या आत रस्त्याला लागायला पाहतो. त्या गर्दीत प्रत्येकाने आपल्या हाताने तेल ओतून घ्यायचे ठरवले, तर एखादा बिचारा एकाच तेलाच्या दोन बाटल्या घेऊन घरी पोचतो आणि एका तेलासाठी पुन्हा पुण्याची वारी करतो. म्हणून टेबलाला हात लावण्याचा अधिकार दोघांनाच द्यावा आणि तो त्या दिवशी कितीही ज्येष्ठ धर्मगुरू आले तरी बदलू नये. शिष्टाचाराचा भंग होतो असे काहींना वाटते, वाटू द्यावे.

बिशपांचे आसन रिकामे असण्याचा काळ कॅथेड्रलमधल्या धर्मगुरूची वेगळीच परीक्षा पाहतो. पुण्याने तो अलीकडेच, २०२४ च्या अखेरीस बिशप जॉन रॉड्रिग्ज यांची मुंबईला नेमणूक झाल्यानंतर पाहिला. अशा वेळी सहा ते बारा धर्मगुरूंचे सल्लागार मंडळ आठ दिवसांच्या आत तात्पुरता प्रशासक निवडते, असा सामान्य नियम आहे. बिशप नसल्याने ख्रिस्तप्रसादाच्या प्रार्थनेत त्यांचे नाव घेतले जात नाही, आणि त्या आसनावर दुसरे कोणीही बसत नाही. लोकांचे प्रश्न मात्र कॅथेड्रलच्या दाराशीच येऊन थांबतात : नवे बिशप कोण, कधी येणार, मराठी येते का. या काळात कॅथेड्रलच्या धर्मगुरूने अंदाज बोलून दाखवू नयेत, कारण त्याचा अंदाज म्हणजे आतली बातमी असे धरले जाते.

इंग्लंडमधील कॅथेड्रलविषयी वाचून आलेल्या विद्यार्थ्यांची येथे थोडी निराशा होते. तेथे डीन, म्हणजे कॅथेड्रलचा प्रमुख, असतो, त्याच्याबरोबर कॅननांची (कॅथेड्रलशी जोडलेल्या ज्येष्ठ धर्मगुरूंची) सभा असते, आणि त्यांपैकी एकाकडे संगीत, दुसऱ्याकडे ग्रंथालय व अध्यापन अशी कामांची जुनी वाटणी असते. रोज संध्याकाळी गायनवृंदासह प्रार्थना होते. आपल्याकडे एक प्रमुख धर्मगुरू आणि एक-दोन सहायक यांच्यावर हे सगळे येते. संगीत पाहणारा, खुर्च्या मोजणारा, विजेचे बिल भरणारा आणि प्रवचन करणारा माणूस एकच असू शकतो.

आता नोंदवह्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सेमिनरीत हा विषय एका तासात उरकला जातो आणि प्रत्यक्षात त्यावर माणसांचे आयुष्य अडलेले असते. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे हे प्रत्येक धर्मग्रामाचे कर्तव्य आहे. जुन्या छावणीच्या चर्चमध्ये त्या फार मागे जातात आणि त्यांतील कित्येक नोंदी लॅटिनमध्ये असतात. स्नानसंस्काराची नोंद ही केवळ एका दिवसाची नोंद नसते. त्या माणसाचे दृढीकरण, विवाह किंवा गुरुदीक्षा पुढे कोठेही झाली, तरी त्याची टीप त्याच नोंदीच्या समासात यावी लागते. म्हणून लग्नाच्या वेळी जुने, घरातल्या पेटीत जपून ठेवलेले प्रमाणपत्र चालत नाही, नवीन काढून आणावे लागते. वधूवरांना ही निव्वळ कटकट वाटते. समासात काही लिहिलेले नाही, म्हणजे हा माणूस विवाहास मोकळा आहे, हे त्यावरून कळते, एवढे नीट समजावले की बहुतेकांचा राग निवळतो.

नगर जिल्ह्यातून आलेल्या एका आजीबाई मला चांगल्या आठवतात. नातवाला घेऊन त्या कार्यालयाच्या दारात उभ्या होत्या. "फादर, शाळंत एक नाव, आधारला दुसरं, अन् तुमच्या वहीत तिसरंच. मंग माझं पोरगं कोन म्हनायचं?" वही काढली तेव्हा त्यात दावीद होते, शाळेच्या दाखल्यात डेव्हिड आणि आधारवर देविदास. आजीबाईंना वाटत होते की मी पेन घेऊन दावीद खोडावे आणि त्यांना हवे ते लिहावे. असे कधीही करू नये. मूळ नोंद खोडायची नसते. दुरुस्तीसाठी पुरावा घेऊन, बिशपांच्या कार्यालयाची संमती घेऊन, समासात तारखेसह टीप लिहायची असते आणि खाली सही करायची असते. आजीबाईंना त्या दिवशी मी वहीबरहुकूम उतारा दिला, शपथपत्र कोठे करायचे ते कागदावर मराठीत लिहून दिले आणि शाळेसाठी एक पत्र दिले. असे कागद ख्रिस्ती माणसाला जरा जास्तच लागतात. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदू धर्मीयांखेरीज इतरांना स्थान नव्हते. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाजाचा त्यात समावेश झाला, परंतु दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यामुळे जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा धर्म कोणता, वडिलांचा कोणता, धर्मांतर कधी झाले, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे शोधत लोक आपल्या वहीपाशी येतात. या वहीतील एका ओळीचे परिणाम किती दूरवर जातात हे ध्यानात ठेवून, समोरच्याला हवे ते लिहून देण्याचा मोह आणि हात वर करून मोकळे होण्याचा मोह, दोन्ही टाळावेत.

शिक्षणाविषयी विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कॅथलिक तरुण बारावीनंतर किंवा पदवीनंतर धर्मप्रांताच्या पाचारण शिबिरांतून (धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्यांच्या शिबिरांतून) पुढे येतो. मग भाषा व तयारीचा काळ, तत्त्वज्ञानाची वर्षे, प्रत्यक्ष धर्मग्रामातील उमेदवारी, ईशज्ञानाची वर्षे आणि डीकनपद (गुरुदीक्षेआधीची पायरी) अशी वाट असते, आणि वयाची पंचविशी पूर्ण होण्यापूर्वी सहसा गुरुदीक्षा मिळत नाही. पुणेकरांना दूर जावे लागत नाही. तेरावे लिओ यांच्या काळात १८९३ मध्ये कँडी येथे सुरू झालेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली, आणि नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठात देशभरातले विद्यार्थी तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकतात. प्रोटेस्टंट तरुणांसाठी बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती १९८३ मध्ये यवतमाळहून येथे हलली. चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये पाळक विवाहित असू शकतो, स्त्रियांनाही दीक्षा मिळते, आणि मंडळीने निवडलेली समिती पाळकाच्या कामावर लक्ष ठेवते, त्यामुळे तेथील कॅथेड्रलमध्ये दैनंदिन निर्णयाची तऱ्हा आमच्याहून वेगळी आहे. आमच्याकडे ब्रह्मचर्य आणि बिशपांचे आज्ञापालन यांचे वचन असते. दारिद्र्याचे व्रत धर्मप्रांतीय धर्मगुरू घेत नाही, पण मासिक भत्ता पाहिला तर फरक फारसा जाणवत नाही.

देशभरातले विद्यार्थी एकत्र असल्याने सेमिनरीत सारे शिक्षण इंग्रजीतून होते, आणि तेथून बाहेर पडणाऱ्या मराठी मुलाची मराठी बऱ्याचदा गंजलेली असते. तो इंग्रजीत विचार करतो आणि व्यासपीठावर त्याचे मराठीकरण करतो. श्रोत्यांना शब्द कळतात, पण बोलणे पोचत नाही. कॅम्पातल्या चर्चमध्ये इंग्रजी, कोकणी, तमिळ, मल्याळी आणि मराठी बोलणारी कुटुंबे एकाच अंगणात भेटतात, आणि प्रत्येकाला आपल्या भाषेतली मिस्सा सोयीच्या वेळी हवी असते. मराठी मिस्साला येणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षाचालक आणि परिचारिका पुष्कळ असतात, त्यांना भल्या पहाटेची किंवा रात्रीची वेळ हवी असते, आणि वेळापत्रक ठरवणाऱ्या सभेला हजर राहणे त्यांना जमत नाही. सभेत जो बोलतो त्याची सोय होते. म्हणून सभेपूर्वी सहायकाने मराठी मिस्सानंतर दारात उभे राहून विचारावे आणि ते म्हणणे सभेत आपण मांडावे.

समाजाशी कॅथेड्रलचे नाते पुण्यात जरा नाजूक आणि जुने आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानासाठी बोलावले होते, तेथे चहा-बिस्किटे दिली गेली, गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्ध केली, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्याचा, म्हणजे जातिबहिष्काराचा, प्रसंग ओढवला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तावर येऊन थांबले. आज त्या चहाचे हसू येते, परंतु यजमान म्हणून धर्मगुरूने केलेल्या साध्या कृतीकडे शहर कसे पाहील, हा प्रश्न संपलेला नाही. गणेशोत्सवातील मंडळाचे निमंत्रण, इफ्तारचे निमंत्रण, निवडणुकीच्या तोंडावर 'सदिच्छा भेट' म्हणून आलेला उमेदवार, यांपैकी प्रत्येकाला वेगळे उत्तर असते. पहिल्या दोन ठिकाणी जावे, आनंदाने जावे. उमेदवाराला चहा द्यावा, पण कार्यालयात. वेदीच्या पायरीवर किंवा व्यासपीठापाशी छायाचित्र काढू देऊ नये, मग तो आपल्या ओळखीचा असो वा नसो. आणि वृत्तवाहिनीचा माणूस माईक पुढे करून एखाद्या राष्ट्रीय वादावर 'चर्चची भूमिका' विचारू लागला, तर बिशपांच्या कार्यालयाकडे बोट दाखवून मोकळे व्हावे. त्या प्रवेशद्वारात उभे राहून बोललेले वैयक्तिक मत दुसऱ्या दिवशी सगळ्या धर्मप्रांताचे मत म्हणून छापून येते.

शहराच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणे हाही याच नात्याचा भाग आहे. आषाढीच्या वारीत दोन्ही पालख्या पुण्याचा मुक्काम आटोपून सोलापूर रस्त्याने हडपसरकडे निघतात आणि तेथून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटाकडे, तुकाराम महाराजांची लोणी काळभोरकडे वळते. त्या सकाळी कॅम्पाच्या त्या बाजूची वाहतूक बंद असते, म्हणून विवाह किंवा बाहेरगावच्या लोकांची सभा त्या दिवशी ठेवू नये, ही माहिती पंचांगात पाहून वर्षाच्या आरंभीच रोजनिशीत लिहावी. त्या दिवशी आमची तरुण मुले पाणी वाटायला रस्त्यावर जात आणि वारकरी त्यांना 'माउली' म्हणत. आंतरधर्मीय संवादाच्या परिसंवादांपेक्षा मला हे अधिक कामाचे वाटत आले आहे. नाताळच्या रात्रीचा हिशेब निराळा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वर्षातील मोजक्या, फार तर १५ दिवशी, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. त्या वर्षीच्या यादीत नाताळ आहे की नाही हे पाहून, पोलीस ठाण्यात अर्ज वेळेवर देऊन, वाहनतळाची आणि बंदोबस्ताची बोलणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरकावीत. अंगणात नाताळची गर्दी पाहायला येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले पुणेकर पुष्कळ असतात. त्यांना चर्चमध्ये कोठपर्यंत यावे, ख्रिस्तप्रसाद कोणी घ्यावा, हे नम्रपणे सांगणारे चार स्वयंसेवक दाराशी असावेत.

दाराशी येणाऱ्या गरजूंचा ओघ कॅथेड्रलमध्ये इतर ठिकाणांपेक्षा मोठा असतो, कारण पत्ता सर्वांना माहीत असतो. कोणाला औषधांसाठी पैसे हवे असतात, कोणाला शाळेच्या प्रवेशासाठी चिठ्ठी, कोणाला नुसते बोलायला कोणी हवे असते. रोख रक्कम स्वतःच्या खिशातून देण्याची सवय लावून घेऊ नये. धर्मग्रामाच्या सेवाभावी मंडळातील अनुभवी माणसांकडे न्यावे, कारण घरी जाऊन चौकशी करण्याचे आणि पुन्हापुन्हा मदत करण्याचे काम त्यांना जमते. ससूनमधील रुग्णांना भेटणे मात्र दुसऱ्यावर सोपवू नये. रात्री दोनला फोन येतो, आत सोडायला पहारेकरी तयार नसतो, आणि नातेवाईक जिन्यात रडत उभे असतात. अशा वेळी अभ्यंगाचे तेल, ओळखपत्र आणि छोटे प्रार्थनापुस्तक एका पिशवीत तयार असले की पाच मिनिटांत निघता येते. येरवडा कारागृहातील भेटींना प्रशासनाची पूर्वपरवानगी लागते आणि नावांची यादी बदलता येत नाही, म्हणून तेथे एकदा जाऊन पुन्हा न फिरकणाऱ्याने नावच देऊ नये.

पैशांविषयी एवढेच, की चर्चची मालमत्ता सार्वजनिक न्यासाची असेल तर तिला १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो. लेखापरीक्षण वेळेवर व्हावे लागते, विश्वस्त बदलले तर बदल अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो, आणि स्थावर मालमत्ता त्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. दानपेटी दोघांनी मिळून उघडावी, रक्कम तिथेच मोजून लिहावी. धर्मग्रामाची अर्थसमिती कॅनन कायद्यानेच बंधनकारक केलेली आहे. तिला उपद्रव न मानता आपले संरक्षण मानावे.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत मी कोणालाही सवलत देत नाही. वेदीसेवक, गायनवृंद, धर्मशिक्षणाचे वर्ग यांमुळे कॅथेड्रलमध्ये मुलांची सतत वर्दळ असते. बालकांच्या लैंगिक शोषणाविरोधातील २०१२ च्या कायद्यानुसार असा गुन्हा घडल्याचे समजले असता तो पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या अंतर्गत तक्रारींसाठीही नियम घालून दिले. पापनिवेदनातील गुप्तता अभंग आहे आणि ती अभंगच राहील. परंतु कार्यालयात, अंगणात, पालकांकडून कानावर आलेली गोष्ट पापनिवेदन नव्हे, आणि 'आपल्या घरातली गोष्ट' म्हणून ती दाबणे हा गुन्हा आहे. साक्रिस्तीच्या दाराला काच असावी, मुलांबरोबर दोन प्रौढ असावेत, आणि धर्मगुरूच्या निवासी खोलीत मुलांनी जाऊ नये. हे नियम ज्याला अपमानास्पद वाटतात त्याने मुलांबरोबरचे काम मागू नये.

बिशप आणि त्यांचे कार्यालय हाकेच्या अंतरावर असण्याचे फायदे आहेत तसे तोटेही. प्रत्येक लहान तक्रार थेट वर जाते, आणि लोकही 'बिशपांना सांगतो' हे वाक्य सहज वापरतात. माझा अनुभव असा, की प्रमुख धर्मगुरूला आधी सांगून मग वर जाणाऱ्या सहायकाचे कधी बिनसत नाही. एक पायरी गाळणाऱ्याचे दोन्हीकडे बिनसते. दुसरी गोष्ट एकटेपणाची. दिवसभर शेकडो माणसे भेटतात, रात्री जेवणाच्या टेबलावर दोघेच असतात आणि दोघेही थकलेले असतात. आठवड्यातून एक दिवस शहरातल्या दुसऱ्या धर्मगुरूंकडे जेवायला जाण्याचा आणि महिन्यातून एकदा घरी जाऊन येण्याचा परिपाठ ठेवावा. तो मोडण्यासाठी कारणे रोज मिळतात.

बदलीचे पत्र बहुधा उन्हाळ्यात येते आणि नवा माणूस काही दिवसांतच दारात उभा राहतो. तेव्हा प्रत्येक नोंदवहीतील शेवटचा क्रमांक, अपूर्ण राहिलेल्या विवाहांच्या फायली, बँकेतील सह्यांचे अधिकार, किल्ल्यांची यादी, पूजापात्रांची मोजदाद, आणि लोकांनी ज्यांसाठी दान दिले आहे पण ज्या अजून अर्पण व्हायच्या आहेत अशा मिस्सांची यादी त्यांच्या रकमेसह लिहून काढावी. शेवटची बाब हमखास विसरली जाते, आणि मग सहा महिन्यांनी एखादी विधवा येऊन विचारते, "फादर, माझ्या मालकांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा कधी होणार?" यादी नव्या धर्मगुरूसमोर वाचून दाखवावी, दोघांनी सह्या कराव्यात, आणि एक प्रत बिशपांच्या कार्यालयात देऊन दुसरी धर्मग्रामाच्या तिजोरीत ठेवावी.